दूरदर्शनच्या टेलिफिल्म आणि ऐन तिशीत म्हातारे झालेले नट

काळीपांढरी (धागाकर्ती)

‘एक रुका हुआ फैसला’मधला तो कापऱ्या आवाजाचा म्हातारा आठवतोय? खांदे पडलेले, बोलायच्या आधी क्षणभर थांबणारा, बाकीचे ओरडले की गप्प बसणारा. तो अन्नू कपूर. जन्म १९५६चा, टेलिफिल्म १९८६ची. म्हणजे जेमतेम तिशीचा पोरगा! बारा माणसं आरोपीचा फैसला करायला बसलीत, त्याच खोलीत ‘दोषी, दोषी’ म्हणून टेबलावर हात आपटणारा, मुलाने दुखावलेला बाप म्हणजे पंकज कपूर. जन्म १९५४. तोही तेव्हा बत्तीसच्या आसपास.

हे लक्षात आल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. महेश भट्टची ‘डॅडी’ (१९८९) घ्या. अनुपम खेर दारूने पार खचलेला बाप, पूजा भट्ट मुलगी. तो चौतिशीचा, ती सतराची. आमच्या घरात हे गणित कुणालाच सुचलं नव्हतं. ‘आईना मुझसे मेरी पहली सी सूरत माँगे’ लागलं की आमचे वडील अनुपम खेरला आपल्या वयाचा समजून डोळे पुसायचे, आणि तो त्यांच्याहून धाकटा होता.

आता ही सगळी मंडळी खरोखरच त्या वयाला पोचलीत. अन्नू कपूर, अनुपम खेर सत्तरीच्या घरात. चेहऱ्यावर आता ज्या सुरकुत्या आहेत त्या रंगवलेल्या नाहीत. म्हणून धागा काढला. तुम्हाला कोणत्या टेलिफिल्म आठवतात आणि त्यातल्या नटांकडे आज बघताना काय वाटतं?

एकच विनंती, मालिका नकोत. ‘बुनियाद’, ‘हम लोग’, ‘चिमणराव’ यांच्यावर आधीच पुष्कळ दळण दळून झालंय.


अँटेना_फिरव

मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे.

आमच्याकडे शटरवाला टीव्ही होता, त्याला कुलूपसुद्धा होतं. ‘डॅडी’ बघताना अर्ध्यात ‘रुकावट के लिए खेद है’ आलं आणि ते गेलं तोवर अनुपम खेर सुधारलेला होता. मधे काय झालं ते मी थेट इंटरनेटच्या काळात पाहिलं.


नाटकवेडा

धागाकर्तीच्या कोड्याचं उत्तर अगदी साधं आहे. ही सगळी माणसं रंगभूमीवरची. पंकज कपूर, अन्नू कपूर, अनुपम खेर तिघंही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे. नाटकात वयाचं काय घेऊन बसलात? राज्य नाट्य स्पर्धेत विसाव्या वर्षी केसांना पांढरं फासून आजोबा न केलेला हौशी नट दाखवा मला. आमच्या गावात तर एकच काठी होती, दर वर्षी वेगळा आजोबा तीच घेऊन उभा राहायचा.

खरी मेख पुढे आहे. रंगमंचावरचं म्हातारपण शेवटच्या रांगेला दिसायला लागतं, म्हणून ते पाठीत असतं, चालीत असतं. टीव्हीवर कॅमेरा नाकासमोर. पाठ दिसतच नाही! मग म्हातारपण आणायचं कुठून? अन्नू कपूरचं नीट बघा. तो बोलण्याआधी ओठ हलवतो, शब्द नंतर येतो. ऐकताना मान किंचित कलती ठेवतो, एका कानाने कमी ऐकू येत असल्यासारखी. रंगरंगोटी बेतास बात आहे, पण ती बघायला वेळच मिळत नाही.

दुसरं कारण पैशाचं. बासू चटर्जींनी ती अख्खी गोष्ट एका खोलीत, बारा माणसांत उरकली. अशा बजेटमध्ये नावाजलेले बुजुर्ग नट परवडणार कसे? आणि त्या काळी सिनेमावाल्यांना टीव्ही म्हणजे पायरी उतरल्यासारखं वाटायचं. मग तिशीतल्या भुकेल्या पोरांचं फावलं.


काळा_कोट

अवांतर, पण राहवत नाही. ‘एक रुका हुआ फैसला’ आली तेव्हा आपल्याकडे ज्यूरी, म्हणजे आरोपीचा फैसला करणारी सामान्य नागरिकांची मंडळी, उरलीच नव्हती. नानावटी खटल्यानंतर ती पद्धत मोडीत निघत गेली आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर तिला जागाच ठेवली नाही. म्हणजे १९८६च्या भारतात बारा माणसं एका खोलीत बसून आरोपीचा फैसला करताहेत हे कायद्याने शुद्ध थोतांड. माझे सीनियर हे बघताना पहिली पाच मिनिटं चिडले होते. मग चिडायचं विसरले.


स्पष्टवक्ता

गहिवर थोडा आवरा मंडळी. एकच वाहिनी होती म्हणून बघत होतो. पर्याय असता तर यातल्या निम्म्या टेलिफिल्मच्या वाटेलाही कुणी गेलं नसतं. आवाज घुमलेला, प्रकाश ट्यूबलाइटचा, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी खिडकीबाहेर बघत उभं राहणार. मागे सारंगी. आमच्या घरी टेलिफिल्म लागली की आई म्हणायची, ‘चला, पानं घ्या.’

दहा बऱ्या निघाल्या, त्यांच्या जिवावर सगळा काळ सोन्याचा ठरवायचा हे मला पटत नाही. आणि तिशीतल्या माणसाने म्हातारा करणं यात कौतुक कसलं? सत्तरीच्या नटाचं काम गेलं की हो त्यात!


काळीपांढरी

स्पष्टवक्ताजी, तुमचा शेवटचा मुद्दा चांगला आहे, त्यावर कुणीतरी बोला.
खिडकीबाहेर बघण्याचा मुद्दा मात्र मान्य. सारंगीसकट.


नाना_न्यूजर्सी

मी बोलतो. इकडे अमेरिकेत नेमकं उलटं झालं, आणि म्हणूनच हा धागा वाचताना मजा येतेय.

इकडच्या टीव्ही-सिनेमाचा सुवर्णकाळ म्हणजे सत्तरचं दशक. तोवर हॉलिवूडच्या जुन्या नायिकांना थिएटरचे सिनेमे मिळेनासे झाले होते, त्या टीव्हीकडे वळल्या. बेटी डेव्हिस, दोन ऑस्कर घरात असलेली बाई, सत्तरीत टीव्हीवर म्हाताऱ्या आईच्या भूमिका करत होती. १९७९च्या अशाच एका टीव्ही-सिनेमासाठी तिला एमी, म्हणजे टीव्हीचा मानाचा पुरस्कार, मिळाला. म्हणजे इकडे टीव्ही-सिनेमा ही उतरत्या नटांची धर्मशाळा, तर आपल्याकडे चढत्या नटांची तालीम. इकडे खऱ्या म्हाताऱ्यांना काम मिळालं, आपल्याकडे तरुणांना म्हाताऱ्यांचं. आता यात बरं काय ते तुम्हीच ठरवा.

चढत्या लोकांनाही इकडे टीव्हीच कामी आला म्हणा. स्पीलबर्गची ‘ड्युएल’ (१९७१) मुळात एबीसी वाहिनीसाठी केलेली. एक मोटार, एक टँकर, आणि टँकरवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. ती इतकी चालली की लांबी वाढवून परदेशात थिएटरांत लावली.

आणि ‘एक रुका हुआ फैसला’चं मूळही टीव्हीचंच बरं का. लोक १९५७च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ सिनेमाचं नाव घेतात, पण त्याआधी १९५४मध्ये सीबीएस वाहिनीवर ते थेट प्रक्षेपित झालं होतं. बासूदांनी गोष्ट तिच्या माहेरी आणून सोडली म्हणायची.


मळ्यातला

‘सद्गती’चं नाव अजून कुणी घेतलं नाही? कमाल आहे.

सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी १९८१मध्ये केली. गोष्ट प्रेमचंदांची, लांबी तासाभराच्या आतली, चित्रण छत्तीसगड भागातलं. ओम पुरी दुखी चांभार, स्मिता पाटील त्याची बायको झुरिया, आणि पंडित घासीराम म्हणजे आपले मोहन आगाशे. रंगभूमीवर ज्यांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस गाजवला, त्यांच्याच वाट्याला इथे घासीराम यावा! हसू येतं आधी. मग येत नाही.

मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून द्या म्हणायला दुखी येतो. अंगात ताप, पोटात काही नाही. पंडित म्हणतो, येतो, पण तोवर अंगण झाडून घे, भुसा आत टाक, आणि तो ओंडका फोडून ठेव. त्या ओंडक्यात गाठ आहे. मी शेतकऱ्याच्या घरचा, गाठीचं लाकूड म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. कुऱ्हाड बसत नाही, उसळते, आणि उसळली की तिचा दणका खांद्यापासून कण्यापर्यंत जातो. ओम पुरीने तो दणका दाखवलाय. प्रत्येक घावानंतर त्याचे हात मनगटापासून किंचित उघडतात आणि पुन्हा दांडा धरतात. मला वाटतं तो खरोखरच लाकूड फोडत होता, कारण असं सोंग आणता येत नाही.

शेवट सांगू नये, पण चाळीस वर्षं उलटून गेलीत, सांगतो. दुखी तिथेच मरतो. वस्तीतलं कुणी प्रेताला हात लावायला येत नाही, आणि पंडिताला तर शिवायचं नाही. मग तो काठीने पाय उचलून दोरीचा फास अडकवतो आणि एकटाच ओढत नेतो, मेलेली जनावरं टाकतात तिथे. परत येऊन जागेवर गंगाजल शिंपडतो. आगाशे ते करताना क्रूर दिसत नाहीत हो, दमलेले दिसतात. एका अडचणीतून सुटलेल्या माणसासारखे. म्हणूनच ते बघवत नाही.

आता धाग्याचा विषय. आगाशे तेव्हा चौतीस वर्षांचे. पुढे त्यांना ‘अस्तु’त बघितलं, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या. संस्कृतचे मोठे पंडित, स्मृतिभ्रंश झालेले, हत्तीमागे चालत जाऊन हरवतात. एकाच नटाने केलेले दोन पंडित. पहिल्याला सगळं सोवळं-ओवळं पाठ, दुसऱ्याला स्वतःचं नावही आठवत नाही. दोन्ही लागोपाठ बघा, सवडीने.


गिरगावची_माई

मळ्यातला, फार छान लिहिलंत.

स्मिता पाटीलबद्दल एवढंच, की या धाग्यावर तीच एकटी म्हातारी होणार नाही. डिसेंबर १९८६मध्ये गेली, एकतिसाव्या वर्षी. आम्ही तिला मुंबई दूरदर्शनवर बातम्या देताना बघितलेलं. तेव्हा सगळ्या चाळीत चर्चा, की जीन्सवरच साडी गुंडाळून बसते म्हणे! खरं असो की नसो, आम्ही बातम्या सोडून टेबलाखाली काही दिसतंय का ते बघायचो.


काळा_कोट

‘तमस’ राहिली. गोविंद निहलानी, १९८८. आता कुणी म्हणेल ती भागाभागांत दाखवली म्हणजे मालिका, तर ती नंतर एकसलग चार-साडेचार तासांचा चित्रपट म्हणूनही दाखवली गेली आहे. धागाकर्तीने गोड मानून घ्यावी.

वकिलांच्या दृष्टीने ही वेगळीच चीज. दंगली भडकतील म्हणून प्रक्षेपण थांबवा अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः बसून ती पाहिली आणि परवानगी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही फेब्रुवारी १९८८मध्ये तेच कायम राहिलं. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की दृश्याचा परिणाम जोखायचा तो खंबीर, विचारी माणसाच्या मापाने, कचदिल आणि डळमळीत माणसाच्या नव्हे. चित्रपटांवर बंदीची मागणी आली की आजही हा निकाल पुढे ठेवतात.

आणि नाटकवेडा यांच्या म्हणण्याला इथे अपवाद आहे. चहाच्या दुकानाला कुलूप लावून रातोरात गाव सोडणारा म्हातारा हरनाम सिंग म्हणजे स्वतः भीष्म साहनी, कादंबरीचेच लेखक. सत्तरी ओलांडलेले. रावळपिंडीचा माणूस, फाळणी अंगावरून गेलेली. सोबत दीना पाठक, साठीच्या पुढच्या. त्या दोघांना मेकअप काय करणार? नुसते चालत जातात आणि बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. अन्नू कपूरचं कसब मोठंच, पण हे कसब नव्हे.


स्पष्टवक्ता

हेच म्हणतोय मी कधीपासून. जिथे खरा म्हातारा घेतला तिथे बघा काय झालं!

(‘तमस’ चांगली आहे. डुकराचं सुरुवातीचं दृश्य सोडून. तेव्हा तर पानंही घेता आली नाहीत.)


नाटकवेडा

स्पष्टवक्ताजी, त्याच ‘तमस’मधल्या दोन बायका घ्या, म्हणजे हिशेब पुरा होईल.

हरनाम सिंगला घरात आसरा देणारी राजो म्हणजे सुरेखा सिक्री. चाळिशीच्या पुढच्या. घरातले पुरुष दंगलीत, आणि ही बाई ज्यांच्याविरुद्ध दंगल चालली त्याच जमातीतल्या म्हातारा-म्हातारीला माळ्यावर लपवते. तेवढ्याशा भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘मम्मो’साठी दुसरा, आणि २०१८च्या ‘बधाई हो’साठी तिसरा. तिसरा घ्यायला त्या व्हीलचेअरवरून आल्या आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. पहिल्या आणि तिसऱ्यात तीस वर्षं. २०२१मध्ये गेल्या.

दुसऱ्या आपल्या उत्तरा बावकर. गुरुद्वारातून बायकांना घेऊन विहिरीकडे जाणारी जसबीर. निहलानींनीच १९९१मध्ये दूरदर्शनसाठी ‘रुक्मावती की हवेली’ केली, स्पॅनिश नाटककार लोर्काच्या नाटकावरून, राजस्थानात बेतलेली. नवरा मेल्यावर पाच मुलींना घरात कोंडून ठेवणारी आई म्हणजे बावकर. जिन्यावरून नुसती खाली आली तरी खोलीतल्या मुली बसल्या जागी आवरून बसतात. त्यात ज्योती सुभाषही आहेत, पल्लवी जोशीसुद्धा. रंगच बघा त्यातले, पांढऱ्या भिंती आणि काळे कपडे.

बावकरबाई २०२३च्या एप्रिलमध्ये पुण्यात गेल्या. मी तेव्हा पेपर चाळले. फोटो बहुतेक ठिकाणी होता, ‘रुक्मावती’चं नाव मोजक्याच ठिकाणी. ‘एक दिन अचानक’च्या राष्ट्रीय पुरस्काराचा उल्लेख तेवढा सगळीकडे. टेलिफिल्ममधलं काम असंच गळून पडतं. थिएटरात लागली नाही, तिकीट फाडलं नाही, म्हणजे जणू झालीच नाही.


रात्रपाळी

मी नव्वदच्या दशकातला, मूक वाचक. शाहरुखच्या एका छोट्या भूमिकेच्या शोधात ‘इन विच अ‍ॅनी गिव्ह्ज इट दोज वन्स’ सापडली. ही पण दूरदर्शनचीच का? दिल्लीतलं आर्किटेक्चर कॉलेज, सगळे विडी-सिगरेटी फुंकत हिंग्लिश झाडतात. सरकारी वाहिनीने हे दाखवलं यावर विश्वास बसेना.


नाना_न्यूजर्सी

तीच. १९८९. दिग्दर्शन प्रदीप कृष्ण, लेखन अरुंधती रॉय यांचं, आणि एक मुख्य भूमिकाही त्यांचीच. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार आहे. बुकर नंतरचं, १९९७चं. दाखवली तीही रात्री उशिरा. रात्रपाळीलाच दिसावी अशी सोय होती म्हणा ना!


गिरगावची_माई

मराठीचं कोण बोलणार? की सगळे हिंदीतच रमलात?

विजयाबाई मेहतांनी १९८२च्या सुमारास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर टेलिफिल्म केली होती. त्यात विजयाबाई स्वतः होत्या, सुहास जोशी होत्या. लक्ष्मीबाईंची ती खट्याळ, कशालाही न बधणारी भाषा जशीच्या तशी ऐकायला मिळाली होती. आजच्या पोरांना सुहासताई म्हणजे सिनेमातल्या झकास आजी. ठीकच आहे, आज्या त्या छान करतात. पण आम्ही त्यांना लक्ष्मीबाईंच्या काळातल्या लुगड्यात बघितलंय, त्याचं काय करायचं?

विजयाबाईंनी पुढे हिंदीत ‘हमीदाबाई की कोठी’ केली, आणि ‘हवेली बुलंद थी’. दुसरी म्हणजे एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा हिंदी बोलायला लागला तर कसा वाटेल अशी मला धास्ती होती. पण वऱ्हाडातल्या घरात हिंदी तशी परकी नसतेच. अंगणातला गंजलेला ट्रॅक्टर आणि माजघरातली दादींची ‘किती वाजले रे?’ची हाक, हे कुठल्याही भाषेत टोचतं.

ती हवेली कुणाकडे आहे का? मी नातवाला शोधायला बसवलं, त्याला मिळाली नाही.


अँटेना_फिरव

माई, सगळं टिकलेलं असेलच असं धरून चालू नका. त्या काळी टीव्हीची टेप महाग, एकावर दुसरं मुद्रित करून ती पुन्हा वापरायची चाल जगभर होती. बीबीसीसारख्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग असे पुसून टाकले, आणि आज त्यांचेच चाहते ते भाग जगभर हुडकत फिरतात. आपल्याकडे काय काय पुसलं गेलं याची यादी तरी कुठे आहे?

प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवर आणि त्यांनी २०२४च्या नोव्हेंबरात काढलेल्या ‘वेव्हज’ या ओटीटीवर जुनं बरंच येतंय. पण शोध लागत नाही धड. नावं कधी रोमनमध्ये, कधी देवनागरीत, कधी नुसतं ‘टेलिफिल्म’ म्हणून. दिग्दर्शकाचं नाव टाकून शोधा, नटाचं नको.


रात्रपाळी

सई परांजप्यांची ‘धुआँ धुआँ’ पण मिळत नाही. ‘चश्मे बद्दूर’ त्याच टेलिफिल्मवरून झाला असं वाचलंय. सिनेमा पाठ आहे, मूळ बघायला मिळालं तर तुलना करता येईल.


मळ्यातला

माई, आमच्या थोरल्या काकांनी त्या काळी टीव्हीवरून बरंच काही व्हीएचएसवर उतरवून ठेवलं होतं. पोतंभर कॅसेट माळ्यावर पडून आहेत. त्यांच्या अक्षरातल्या एका लेबलवर ‘हवेली’ लिहिलेलं दिसतंय. ही तीच की ‘रुक्मावती’, ते लावल्याशिवाय कळायचं नाही. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या रिळावर पांढरं पांढरं काहीतरी आहे. चुलतभावाकडे जुना व्हीसीआर आहे, रविवारी आणतो आणि लावून बघतो.


अँटेना_फिरव

थांबा!! लावू नका!

ते पांढरं म्हणजे बुरशी. तशीच घातली तर टेप तुटेल, व्हीसीआरचं हेड खराब होईल आणि त्यात पुढे घालाल त्या प्रत्येक कॅसेटला ती लागेल. आधी ती कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी काढा. उन्हात ठेवू नका, कोरड्या हवेशीर जागी उभी ठेवा, आडवी नको. पुसायचा खटाटोप घरी करू नका. पुण्यात व्हीएचएस साफ करून डिजिटल करून देणारे आहेत, एकाकडून मी वडिलांच्या कॅसेट करून घेतल्यात. नाव इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

लेबलचा फोटो मात्र टाका. मागच्या बाजूला तारीख असेल तर तोही.


गिरगावची_माई

खर्च मी देते. व्यनि मलाही करा.